चार दात येण्याआधी

शहादे, १६ ऑगस्ट १९३८, मंगळवार

दवाखाना उघडायच्या आत सुदाम पाटील ओट्यावर येऊन बसलेला. लोणखेड्याचा. बरोबर ढोर नाही, खांद्यावर नुसती जुपणी. ती माझ्या टेबलावर ठेवली. जुवाला बैलाची मान बांधायचा साधा चामडी पट्टा.

"हाई शेवटनं भोक शे सायेब. तरी ढिलीच."

म्हटलं, मग चांभाराकडे जा. जनावरांच्या डॉक्टरकडे काय काम?

"पट्टाना दोस नही. मानच नही शे त्यास्ले."

त्यास्ले म्हणजे त्याच्या जोडीला. खरं तर माझी जोडी म्हणायला हवी. जाने. ३५ मध्ये, मी इथे नवा असताना, लोणखेड्यात खच्ची केलेली पहिली दोन खोंडं. दहा महिन्यांची होती. खात्याचं पत्रक तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे: वर्षाच्या आत चिमटा लावून नस चेपा, रक्त नाही, ताप नाही, गावात भटके वळू नाहीत. शेतकरी म्हणत, चार पक्के दात आल्याशिवाय हात लावायचा नसतो. तोवर खोंड साडेतीन वर्षांचं होतं, आणि मग त्याला पाडून अंड दगडावर ठेवून बडवतात. ते एकदा पाहिलं आहे. दुसऱ्यांदा पाहण्याची छाती नाही. चावडीसमोर उभं राहून ह्या सगळ्याला मी अडाणीपणा म्हटलं होतं. लोक आपापली खोंडं सोडवून घरी गेले. एकटा सुदाम थांबला. म्हणाला, इतका शिकलेला माणूस सांगतो, तर करू.

शुक्रवारी येऊन बघतो असं सांगून त्याला वाटेला लावला. पट्टा ढिला, तरी बोट माझ्याकडे! दिवसभर चिडलेला होतो. एवढं चिडण्यासारखं काय होतं, ते लिहिता येत नाही.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

लोणखेडे. चिखलातून पायी. ड्रेसर वेस्ता बरोबर.

बैल देखणे आहेत. हे आधी लिहून ठेवतो. पांढरे, निरोगी, डोळे शांत. आणि उंच. पाठ माझ्या खांद्याला लागते. पण पाय नको इतके लांब, नळीची हाडं बारीक, छाती अरुंद. मान गाईची. वशिंड आहे म्हणायचं, मुठीत मावतं.

सुदामने जू ठेवून दाखवलं. ओढ बसली की जू मागे सरकून वशिंडाला अडायला हवं. अडायला तिथे काही नाही. ते वशिंडावरून पाठीवर गेलं, जुपणी गळ्याला आवळली, बैल खोकून उभा राहिला. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं.

बांधावर त्याचा चुलतभाऊ झिपरू उभा. लोणखेड्यातलं सगळ्यात तिखट तोंड. "डाक्टरसायेब, दूध बी देतीन का त्या?"

वेस्ता हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, मग तो हसला नाही.

मी सुदामला म्हटलं, सरकी वाढव, महिनाभर बघू. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. त्याने गोठ्यातली पाटी दाखवली. सरकी भरपूर होती. यंदाची कोळपणी त्याने झिपरूचे बैल मागून आणून केली. रोज सकाळी झिपरूचं बोलणं ऐकायचं आणि बैल न्यायचे.

निघताना हळूच विचारलं त्याने, "सायेब, चिमटेल शे ते आते परत जोडता येस का?"

नाही म्हटलं.

"बरं," म्हणाला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

२५ ऑगस्ट, गुरुवार. पोळा.

जायचं नव्हतं. लोणखेड्याहून बोलावणं आलं, गेलो. सुदामने जोडी काढली होती. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, सगळं रीतीने. तोरणाखालून जोड्या जाताना पोरं ओरडली, "उंट ऊना! उंट ऊना!" उंट आला म्हणे. मोठ्यांनी पोरांना दटावलं, पण तोंड फिरवून.

सुदामच्या बायकोने सगळ्या बैलांना पुरणपोळी भरवली तशी ह्यांनाही. मला पाहून पदर ओढून आत गेली. एरवी चहा विचारते.

विचार करतो आहे: दोन बैलांवरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. वळू कुठला, गाय कशी, त्या वर्षीचा चारा कसा. दोन बैल म्हणजे पुरावा नव्हे. पण मी पत्रक वाचून दाखवलं तेव्हा माझ्यापाशी एकही बैल नव्हता.

२८ ऑगस्ट, रविवार

सरकारी दवाखान्याचे डॉ. पेंडसे यांच्याकडे बसलो होतो. माणसांचे डॉक्टर, मला "बंधू" म्हणतात, थट्टेने. जोडीचं सांगितलं. त्यांनी पाय हलवणं थांबवलं.

म्हणाले, "अहो, हे तर आमच्याकडेही आहे." मुलगा वयात येतो तेव्हा त्या ग्रंथीचा, म्हणजे वृषणाचा, रस रक्तात उतरतो. हल्ली त्याला हार्मोन म्हणतात. आवाज फुटतो, मिशी येते, मान-खांदे भरतात, हे सगळ्यांना दिसतं. दुसरं काम दिसत नाही. लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेची चकती असते, लांबी तिथे वाढते. हा रस उतरला की ती चकती हळूहळू हाड होऊन मिटते. मग उंची थांबते, हाड जाड व्हायला लागतं. रस आलाच नाही किंवा फार उशिरा आला, तर चकती मिटत नाही. पाय वाढतात, हात वाढतात, धड मागे राहतं. असे दोन तरुण त्यांनी मुंबईला शिकताना पाहिले होते. बसल्यावर चारचौघांसारखे, उभे राहिल्यावर ताडमाड. हात पसरले तर उंचीपेक्षा वीतभर जास्त. एकाला तालमीच्या उस्तादाने उंची पाहून घेतला होता, आणि महिन्यात परत पाठवला.

म्हणजे सुदामच्या बैलांची उंची ही ताकद नव्हे. थांब म्हणणारं कोणी आलं नाही, एवढंच. मी त्याला येऊ दिलं नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कॉलेजच्या पुस्तकात होतं. दहा मार्कांचा प्रश्न यायचा. मी लिहिलाही होता. पत्रक हातात आलं तेव्हा आठवलं नाही. की आठवलं आणि गिळलं? प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरंही शक्य आहे. नवी जागा, नवा साहेब.

२९ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून स्वतःचे हात पसरून मोजले. उंचीपेक्षा इंचभर जास्त भरले. पुन्हा मोजले. पुन्हा इंचभर. सौ. बघत होती. काय चाललंय विचारलं, सांगितलं.

"चार मुलं झाली ना? मग आता कसली मोजणी?" आणि फीत काढून घेतली, पडद्याचं माप घ्यायचं होतं.

बरोबर आहे तिचं. तरी इंचभर का?

३ सप्टेंबर, शनिवार

तुलना हवी. ती आहे, आणि नेमकी झिपरूच्या गोठ्यात. त्याची जोडी त्याच वळूची, त्याच हंगामातली, एकाच पाण्यावर वाढलेली. गेल्या हिवाळ्यात चार दात आल्यावर बडवलेली. मोजायला गेलो.

झिपरू फीत लावू देईना. "फीत मढाले लावतस. जित्ता ढोरले नही."

अर्धा तास समजूत घातली. कापूस मोजतो, घर मोजतो, कोटाला शिंपी माणूस मोजतो. नाही. शेवटी म्हणाला, मी माझ्या हाताने मोजतो, तुम्ही लिहा. वीत आणि मूठ! वीतही दर वेळी वेगळी. वर जाताना मोठी, खाली येताना लहान. आधी त्याची वीत फितीवर मोजली, मग त्याच्या विती माझ्या वहीत, मग इंच. वेस्ता आकडे सांगताना दोनदा सुदामच्या बैलाचे झिपरूच्या बैलाला लावले. ओरडलो त्याच्यावर. त्याने शांतपणे पेन्सिल माझ्या हातात दिली.

जे काही निघालं ते असं: झिपरूचे बैल सुमारे अडीच इंच ठेंगणे. पुढच्या पायाची नळी आखूड आणि जाड. मानेचा घेर इतका जास्त की झिपरू स्वतःच तिसऱ्यांदा मूठ लावून बघायला लागला. वशिंड पपईएवढं.

झिपरू म्हणाला, "आमना बाप सांगे, चार दात येऊ दे, मंग हात लाव. तो काय कालेजमा गयता?"

गेला नव्हता. पण झिपरूचा तिसरा बैल बडवल्यावर सुजून, कुजून, नवव्या दिवशी मेला. तेही ह्याच वहीत आहे, मीच मलमपट्टी करत होतो. झिपरूला त्याची आठवण दिली.

"ते नशीब," म्हणाला.

एवढ्यातच सगळं सापडलं असं वाटतं. वय बापाचं बरोबर, हत्यार आमचं बरोबर. पण साडेतीन वर्षं तो खोंड गावच्या गाईंत मोकळा राहणार, त्याचं काय? खात्याने वर्षाच्या आत म्हटलं ते उगाच नव्हे. मरतुकडे खोंडही गाभ धरवतात.

१४ सप्टेंबर, बुधवार

नंदुरबारला कामाने. गाडीला दोन तास होते. स्टेशनाच्या बाजूला हाडांचा ढीग असतो, खताच्या कारखान्याकडे जाणाऱ्या. नाकाला रुमाल लावून नळीची हाडं निवडत बसलो. लांब-बारीक एका बाजूला, आखूड-जाड एका बाजूला. हमालांनी काम टाकून बघितलं. एकाने विचारलं, काही हरवलं का बाबा?

काय उपयोग! कोणतं हाड बैलाचं, कोणतं गाईचं, कोणाला कधी खच्ची केलं, हाडावर लिहिलेलं नसतं. दोन तास फुकट. तरी एक लांब नळी रुमालात गुंडाळून आणली, टोकाशी चकतीची रेघ अजून दिसते म्हणून.

सौ. म्हणाली, "ते आधी बाहेर." मग मीही बाहेर. आंघोळ केल्यावर आत घेतलं. हाड दवाखान्याच्या कपाटात.

२१ सप्टेंबर, बुधवार

धुळ्याहून साहेबांचं पत्र. १० ऑक्टो. ला तपासणी. "आपल्या हातून पूर्वी झालेल्या कामाचे नमुने दाखवावेत." बरोबर छापील तक्ता, प्रत्येक जनावरासाठी एक. रकाने: वय, रंग, उंची, प्रकृती, शेरा. शेऱ्याची जागा अंगठ्याएवढी.

मानेला रकाना नाही. वशिंडाला नाही. ओढतो की नाही, ह्याला नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार

साहेब आले. चांगला माणूस, घोड्यांतला. बैलाला जुंपून त्यांनी कधी चार पावलं टाकली नसावीत.

सुदामची जोडी पाहून थांबलेच. "वा! ही तुमची? दहाव्या महिन्यात केलेली? काय उंची आहे हो! आणि लोक म्हणतात लवकर केल्याने वाढ खुंटते." उंची मोजायला लावली. मग म्हणाले, शेजारची एखादी उशिरा केलेली जोडी दाखवा. झिपरूची आणली. अडीच इंच कमी. साहेब खूश. "हाच तर पुरावा!"

मी म्हटलं, साहेब, मान बघा. वशिंड बघा. जू राहत नाही.

"ते जुवाचं बघा तुम्ही. सुताराला सांगा." फोटो काढला. सुदाम मध्ये, दोन्ही बाजूंना बैल. सुदामला हसायला सांगितलं. तो हसला. माझ्याकडे बघून.

सुदाम का बोलला नाही? नंतर विचारलं. "तुमना सायेब व्हता. तुमले कमी वाटी म्हणीन नही बोलनू."

माझा कमीपणा होऊ नये म्हणून. मी दवाखान्यात येऊन दार लावून बसलो.

जाता जाता साहेब म्हणाले, बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं, हा अहवाल नीट पाठवा. म्हसावदला शिबिर घ्यायचं आहे मोठं, चाळीस खोंडं, ह्याच जोडीच्या जोरावर.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

अहवाल लिहायला बसलो. वय: साडेचार वर्षे. रंग: पांढरा. उंची: छप्पन्न इंच. प्रकृती: उत्तम. सगळं खरं. एकही अक्षर खोटं नाही, आणि तरी हा कागद म्हसावदला पोचला की चाळीस माणसांना फसवील. खरं लिहून खोटं बोलण्याची ही सोय मला माहीत नव्हती.

शेऱ्यात बारीक अक्षरात: "वशिंड व मान अविकसित, जू टिकत नाही, उंची हा लवकर खच्चीकरणाचा दोष असावा, गुण नव्हे, चार दातांनंतर चिमटा लावून तुलना करावी." अंगठ्याएवढ्या जागेत मावलं नाही. शेवटचे शब्द उभे, कडेने वर गेले. पेंडसे हसले, म्हणाले, असा कागद कोणी वाचत नाही, फक्त फिरवून बघतात.

"असावा" लिहिलं, "आहे" नाही. दोन जोड्या, झिपरूच्या विती. "आहे" लिहिण्याचा मला हक्क नाही. पण "असावा" म्हटलं की साहेब म्हणणार, नसेलही. पाठवला.

५ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर. शेऱ्याबद्दल अक्षर नाही. शिबिर म्हसावदला, १४ तारखेला. साहेब जातीने येणार. सुदामची जोडी नमुना म्हणून आणावी. पाटील-तलाठ्यांना कळवलं आहे, चाळीस खोंडांची नावं आली आहेत, सगळी वर्षाच्या आतली.

सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग आता?" म्हटलं, सरकारी हुकूम आहे. "मी हुकमाचं नाही विचारलं."

१२ नोव्हेंबर, शनिवार

लोणखेड्याला गेलो. सुदामला सांगितलं: जोडी म्हसावदला न्यायची आहे. आणि तिथे मी लोकांना काय सांगणार आहे तेही सांगितलं. तुझी माफी मागायला हवी, म्हटलं.

तो कडबा कापत होता. थांबला नाही. "मन्ही माफी कसाले? मी तुमले इचारं व्हतं का, मानना काय व्हई म्हणीन? मी बी नही इचारं."

हे बरोबर नाही. तो कसा विचारणार? ज्याला माहीत होतं त्याने सांगायचं असतं.

झिपरू तिथेच. म्हणाला, "सायेब, म्हसावदले मी बी येसु. तुमले लोकेस्नी मारं ते एक माणूस पाहिजे ना." आणि मग, सुदाम कडबा घेऊन गोठ्यात गेल्यावर, जुवाकडे बघत: "सुदामले मन्हा बैल नांगरटले बी दिसू. त्याले सांगानं काम नही. तुम्हीन बी नका सांगा." म्हणजे नांगरटीलाही बैल देणार, पण बोलून नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार. म्हसावद.

शाळेपुढचं मैदान. खोंडं रांगेने, मालक उकिडवे. साहेब खुर्चीवर. त्यांनी भाषण केलं, उंचीचा आकडा सांगितला, जोडीकडे हात केला. मग मला म्हणाले, सुरू करा.

मी सुदामला म्हटलं, जू ठेव. गाडीला जुंप.

साहेबांना वाटलं प्रात्यक्षिक. होतंच. बैलांनी ओढ घेतली, जू मागे गेलं, गळा आवळला, दोन्ही बैल उभे राहिले. लोक हसले. सुदाम हसला नाही. मी म्हटलं, हे बैलांचं चुकलं नाही, सुदाम पाटलाचंही नाही. मी दहाव्या महिन्यात चिमटा लावला. मान आणि वशिंड ज्याने भरतं तेच मी आधी बंद केलं, त्याबरोबर पाय कधी थांबायचे तेही. ज्यांना औताला बैल हवा त्यांनी चार दात येऊ द्यावेत. मग घेऊन या, ह्याच चिमट्याने करीन. बडवू नका. तोवर खोंड वेगळं बांधा, गाईंत सोडू नका. हे अवघड आहे, मला माहीत आहे.

एवढंच बोललो.

मागून कोणीतरी: "मंग इतला दिन काय झोपेल व्हतात का?"

लोक उठले. दोरखंड सुटू लागले. अर्ध्या तासात मैदान मोकळं. साहेब खुर्चीतून उठले नाहीत. माझ्याकडे न बघता वेस्ताला म्हणाले, "पाणी आण."

एक बाई राहिली. पन्नाशीची असेल. विधवा. एक खोंड, नऊ-दहा महिन्यांचं, अंगाने आडवं, आताच मुसंडी मारणारं. मी म्हटलं, बाई, ऐकलंत ना? हे औताला नीट होणार नाही.

"ऐकं. समदं ऐकं."

मग?

"मन्हा घरमा माणूस नही. ह्या तीन वरीस मोकळा ऱ्हायना ते माले मारी टाकी. गये साल असाच एकनी मन्ही बरगडी मोडी. माले मान नको, वशिंड नको. गरीब ढोर पाहिजे. गाडाभर गवत ओढी, बस."

तिला पुन्हा सगळं सांगितलं. पाय कसे होतील, जू कसं सरकेल, विकायला गेलात तर लोक काय म्हणतील. तिने प्रत्येक गोष्टीला मान हलवली. शेवटी वैतागून म्हणाली, "आते करस का नही तू? ऊन चढी ऱ्हायनं."

साहेब बघत होते. सुदामही.

केलं. दोन मिनिटांचं काम. खोंड उठून तिच्या मागे गेलं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांचा लेखी आदेश, जाताना वेस्ताच्या हाती देऊन गेले होते: वरिष्ठांसमोर खात्याच्या धोरणाविरुद्ध बोलल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. बढतीचं बोलणं नको आता. बदलीचं असेल. सौ.ने विचारलं, मुलांच्या शाळेचं काय करायचं. रागाने नाही. मला तिच्या रागाची सवय आहे, ह्याची नाही.

खुलासा सुरू केला तीनदा. चाळीस खोंडांपैकी एकोणचाळीस परत गेली, हे काम की कामचुकारपणा? त्यांच्या मालकांपैकी किती जण खरंच ती वेगळी बांधतील? किती जण चार दात आले की मला न सांगता दगड शोधतील? माझ्या बोलण्याने एखादं खोंड नवव्या दिवशी कुजून मरणार असेल, तर तेही मीच केलं असं धरायचं?

आणि त्या बाईचं. एकोणचाळीस जणांना नको म्हणून चाळिसाव्याला तेच केलं. साहेब नेमकं हेच विचारतील, आणि विचारायलाच हवं. तिला सगळं सांगून केलं, सुदामला काही न सांगता केलं होतं. फरक आहे तो इतकाच. खुलाशात तो लिहिणार आहे. बैलाच्या मानेवर तो दिसणार नाही.

तिचं नाव विचारलं नाही. वेस्ताला विचारलं, तो म्हणाला, त्यानेही नाही. उद्या म्हसावदला जाऊन खोंड बघून यायचं, सूज आहे का. मग खुलाशाच्या पुढच्या परिच्छेदाला हात लावीन.